हिमउतारावरची सहकुटुंब घसरगाडी

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात आल्बुला नावाची एक डोंगरखिंड आहे. उन्हाळ्यात या खिंडीतून मोटारींची ये-जा चालते. हिवाळ्यात खिंड बर्फाखाली जाते आणि रस्ता वाहनांना बंद होतो. या बंद रस्त्याचे काय करावे, याचे उत्तर तेथील बेर्ग्युन या गावाने शोधून ठेवले आहे. वरच्या अंगाला असलेल्या प्रेडा या वस्तीपासून खाली बेर्ग्युनपर्यंतच्या सुमारे ६ किलोमीटरच्या वाटेवरील बर्फ दाबून सारखे केले जाते आणि ती वाट लाकडी घसरगाड्यांसाठी मोकळी सोडली जाते. रेल्वेची लाल गाडी प्रवाशांना प्रेडाला नेऊन सोडते. तेथे उतरून आई, वडील, मुले आपापल्या घसरगाडीवर बसतात आणि सूचिपर्णी रानातून, रेल्वेच्या दगडी कमानींखालून घसरत पुन्हा गावात येतात. खाली आले की पुन्हा तीच रेल्वे आणि पुन्हा तोच उतार. ठरावीक दिवशी रात्रीही वाटेवर दिवे लावले जातात व हा क्रम चालू राहतो.

स्कीइंग, स्केटिंग, आइस हॉकी हे हिमप्रदेशातील खेळ दूरचित्रवाणीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले आहेत. त्या मानाने स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी बिनचाकी गाडी, दुर्लक्षित राहिली. वास्तविक युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात हिवाळ्यातील खरा कौटुंबिक खेळ कोणता, असे विचारले तर बोट या गाडीकडेच दाखवावे लागेल. स्कीइंगला महागडी साधने लागतात, प्रशिक्षक लागतो, कित्येक दिवसांचा सराव लागतो. घसरगाडीला एक उतार, पुरेसे बर्फ आणि एक लाकडी किंवा प्लास्टिकची गाडी एवढे पुरते. चार वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच गाडीवर बसून एकाच वेळी त्याचा आनंद घेऊ शकतात. मात्र हा सोपा दिसणारा खेळ जिथे टिकून आहे तिथे तो आपोआप टिकलेला नाही. त्यामागे उताराची पारख आहे, काही साधे नियम आहेत आणि गावाने मिळून राखलेली जागा आहे.

कष्टाच्या गाडीपासून खेळण्यापर्यंत

घसरगाडीचा जन्म खेळासाठी झाला नाही. आल्प्समधील शेतकरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांतील गवत कापून तेथील लाकडी कोठारांत साठवीत. हे गवत आणि रानातील लाकूडफाटा खाली आणण्याचे काम हिवाळ्यावर सोपवलेले असे, कारण उन्हाळ्यात ज्या वाटेने ओझे उतरवणे जिकिरीचे होते, तीच वाट बर्फ पडल्यावर सुलभ होई. पुढचे दोन दांडे शिंगांसारखे वर वळलेली एक दणकट गाडी या कामासाठी वापरली जाई. दोन शिंगांच्या मध्ये उभा राहून, टाचा बर्फात रोवत, पाठीमागचा भार आवरीत शेतकरी खाली येई. या 'शिंगाड्या' गाड्यांच्या शर्यती आल्प्सच्या काही गावांत आजही हौसेने भरवल्या जातात.

अटलांटिकच्या पलीकडे, आजच्या कॅनडातील मिकमाक आणि इतर आदिवासी समाजांनी याच गरजेतून वेगळी रचना केली. त्यांची गाडी म्हणजे लाकडाच्या पातळ लांब फळ्या. पुढचे टोक वाफेवर वाकवून वर वळवलेले आणि खाली पट्ट्या मुळीच नाहीत. खोल, भुसभुशीत बर्फात अरुंद पट्ट्या रुतून बसतात. सपाट फळी मात्र भार पसरून वरच्या वर सरकते. शिकार आणि घरसामान वाहून नेणाऱ्या या गाडीचे मूळ नाव फ्रेंच वसाहतकारांच्या तोंडी बदलत गेले आणि पुढे 'टोबोगन' या रूपात जगभर पसरले. कोकणात पोफळीच्या विरीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने तिला ओढत न्यायचे हा मुलांचा खेळ ज्याने पाहिला आहे, त्याला टोबोगनचे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

कामाच्या गाडीवर मुलांची नजर जाणे ओघानेच आले. आल्प्समधील उंचावरच्या वस्त्यांतून मुले सकाळी घसरगाडीवरून शाळेत जात आणि दुपारी तीच गाडी दोरीने ओढीत चढ चढून घरी येत. त्यांच्या लेखी ती सायकलच होती.

या घरगुती वाहनाला क्रीडेचे रूप आले ते दाव्होसमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव क्षयरोग्यांचे आरोग्यधाम म्हणून प्रसिद्धीस आले होते. कोरड्या, थंड हवेसाठी इंग्लंड व इतर देशांतून आलेल्या या पाहुण्यांना हिवाळ्याचे लांबलचक दिवस काढायचे असत. गावकऱ्यांच्या घसरगाड्या त्यांनी उचलल्या. स्वतः फुप्फुसाच्या विकारामुळे तेथे येऊन राहिलेले इंग्रज लेखक जॉन अ‍ॅडिंग्टन सिमंड्स यांचा त्यात पुढाकार होता. १२ फेब्रुवारी १८८३ रोजी दाव्होसहून क्लोस्टर्सच्या दिशेने उतरणाऱ्या सुमारे ४ किलोमीटरच्या रस्त्यावर पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. २१ जण उतरले. ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज रॉबर्टसन आणि क्लोस्टर्सचा पोस्टमन पेटर मिन्श या दोघांनी ९ मिनिटे १५ सेकंद अशी एकच वेळ नोंदवली आणि पहिला क्रमांक दोघांत विभागला गेला. परदेशी पाहुणा आणि गावचा टपालवाला यांची ही बरोबरी या खेळाच्या वृत्तीला साजेशीच म्हटली पाहिजे.

पुढे या खेळाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा वेगाच्या मागे लागली. सेंट मॉरिट्झ येथे १८८४-८५च्या हिवाळ्यात क्रेस्टा ही बर्फाची घळ तयार झाली. १९२४ मध्ये बॉबस्ले, १९२८ मध्ये स्केलेटन आणि १९६४ मध्ये ल्यूज हे प्रकार हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दाखल झाले. यांपैकी ल्यूजमध्ये हिमाचल प्रदेशच्या शिवा केशवन यांनी १९९८ ते २०१८ या काळात सलग सहा हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. देशात बर्फाची घळ नसल्याने गाडीला चाके लावून हिमालयातील डांबरी घाटरस्त्यांवर त्यांनी सराव केला, ही गोष्ट आता क्रीडारसिकांना ठाऊक आहे. दुसरी शाखा मात्र गावातच राहिली. तिला घड्याळ नाही, पदक नाही. या लेखाचा विषय ती दुसरी शाखा आहे.

गाड्यांचे प्रकार

कुटुंबासाठी गाडी निवडताना तिचा रंग पाहण्यापेक्षा ती वळते का आणि थांबते का, हे पाहावे लागते.

'दाव्होस' गाडी : अ‍ॅश या चिवट लाकडाची, आडव्या काठ्यांच्या बैठकीची आणि खाली पोलादी पत्रा ठोकलेल्या दोन घसरपट्ट्यांची. तिचे सांधे पक्के असतात. ती कित्येक वर्षे टिकते आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाते. दाबलेल्या बर्फाच्या वाटेवर ती उत्तम चालते. ताज्या खोल बर्फात तिच्या पट्ट्या रुततात.

टिरोली 'रोडेल' : दिसायला दाव्होस गाडीसारखीच, पण तिचे सांधे किंचित हलते असतात आणि पट्ट्या आतल्या कडेवर तिरप्या बसवलेल्या असतात. त्यामुळे शरीराचा भार व दोरीचा ताण यांनी ती सहज वळते. लांब, वळणावळणाच्या डोंगरवाटांसाठी जाणकार हिलाच पसंती देतात.

टोबोगन : पट्ट्या नसलेली लांब फळी. तिच्यावर तीन-चार जण एकामागे एक बसू शकतात. वळवायला अवघड, म्हणून मोकळ्या, सरळ उतारासाठीच योग्य.

'फ्लेक्सिबल फ्लायर' : अमेरिकेत घरोघरी पोहोचलेली गाडी. फिलाडेल्फियातील शेती-अवजारांचे उत्पादक सॅम्युएल लीड्स अ‍ॅलन यांनी १८८९ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढच्या आडव्या दांड्याने तिच्या लवचीक पोलादी पट्ट्या वळवता येतात. अवजारांची मागणी हंगामी. हंगाम सरला की कारागिरांच्या हाताला काम नसे. वर्षभर काम पुरावे म्हणून काढलेल्या या गाडीनेच अ‍ॅलन यांचे नाव लोकांच्या लक्षात राहिले.

प्लास्टिकची थाळी आणि हवा भरलेली ट्यूब : दोन्ही स्वस्त, हलक्या आणि मुलांच्या आवडत्या. परंतु दोन्ही घसरताना स्वतःभोवती फिरतात, वळवता येत नाहीत आणि थांबवताही येत नाहीत. बसणाऱ्याची पाठ उताराकडे केव्हा होईल याचा भरवसा नसतो.

बर्फ निसरडे का असते?

बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. त्यावरून पट्टी सरकू लागली की घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थरच वंगणाचे काम करतो. थंडी फार कडक असली, उणे २० अंशांच्या खाली पारा गेला, की हा थर नीट तयार होत नाही आणि बर्फ वाळूसारखे करकरते. उलट, वितळू लागलेल्या ओल्या बर्फात पाणी इतके होते की ते पट्टीला चिकटून तिला मागे ओढते. शून्याखाली काही अंश तापमान आणि तुडवून घट्ट झालेले बर्फ, ही सर्वांत अनुकूल स्थिती. पट्ट्यांवरचा गंज काढून त्यांवर मेणबत्ती घासण्याचा घरगुती उपाय गावोगावी चालतो, तो याच घर्षणाला आणखी कमी करण्यासाठी.

या शास्त्राचा कौटुंबिक सहलीशी थेट संबंध आहे. साधारण १५ अंशांचा, १० मीटर उंचीचा टेकडीउतार घेतला तर त्याची लांबी जेमतेम ३९ मीटर भरते. दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.०५ धरला आणि हवेचा रोध सोडून दिला, तर पायथ्याशी गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. वर्दळीच्या रस्त्यावरील मोटारसायकलचा हा वेग आहे, आणि येथे तो चार मजली इमारतीहूनही कमी उंचीवरून मिळालेला असतो. त्याहून महत्त्वाचा पुढचा हिशोब आहे. पायांनी ब्रेक लावला नाही, तर सपाटीवर ही गाडी थांबायला सुमारे १६० मीटर अंतर घेईल. ताज्या, मऊ बर्फात घर्षण दुप्पट धरले तर हेच अंतर ६० मीटरांच्या आसपास येते. प्रत्यक्षात हवा आणि टाचा यांमुळे दोन्ही आकडे कमी होतात. परंतु उतार पाहताना त्याच्या माथ्यापेक्षा पायथ्याकडे आधी का पाहावे, हे त्यावरून स्पष्ट होते. रविवारी मऊ बर्फात सुरक्षित वाटलेली टेकडी, रात्रीच्या थंडीने बर्फ गोठल्यावर सोमवारी मुलांना थेट कुंपणापर्यंत घेऊन जाऊ शकते.

प्रेडा ते बेर्ग्युन या वाटेचे शहाणपण इथे ध्यानात येते. ६ किलोमीटरांत ती सुमारे ४०० मीटर उतरते. म्हणजे १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली. इतक्या सौम्य उतारावर घर्षण आणि गुरुत्वाकर्षण जवळपास तोलले जातात. गाडी पळते, पण हाताबाहेर सहसा जात नाही.

बसावे कसे, थांबावे कसे

अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१० मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००७ या काळात १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे २ लाख २९ हजार मुलांना घसरगाडीवरील अपघातांमुळे उपचार घ्यावे लागले, असा त्याचा अंदाज आहे. वर्षाकाठी ही संख्या वीस हजारांहून अधिक भरते. निम्म्याहून अधिक दुखापती कशावर तरी आदळून झाल्या होत्या आणि इजा झालेल्या अवयवांत डोक्याचे प्रमाण सर्वाधिक, सुमारे ३४ टक्के होते. हवेच्या ट्यूबवरून घसरणाऱ्यांत मेंदूला इजा होण्याची शक्यता इतर गाड्यांच्या तुलनेत अधिक आढळली. वाहनाला दोरी बांधून गाडी ओढण्याचा प्रकारही या नोंदींत होता.

या आकड्यांतून निघणारे नियम साधे आहेत. उतारावर किंवा त्याच्या टोकाशी झाड, खांब, कुंपण, ओढा, गोठलेले तळे अथवा रस्ता नसावा. गाडीवर बसावे ते पाय पुढे करून. पालथे पडून डोके पुढे करण्याचा मोह टाळावा. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट असावे. स्कीइंगचे हेल्मेट चालते. पाच वर्षांखालील मुलाला एकटे सोडू नये. त्याला पुढे बसवून मोठ्याने मागे बसावे व त्याचे पाय गाडीखाली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. गळ्याभोवती लोंबणारा लांब मफलर पट्टीत अडकू शकतो. त्याऐवजी गळ्याला घट्ट बसणारी लोकरी पट्टी बरी.

दाव्होस पद्धतीची गाडी चालवण्याचे तंत्र अर्ध्या तासात आत्मसात होते. वेग कमी करण्यासाठी दोन्ही पावले पट्ट्यांच्या बाजूला बर्फावर सपाट टेकावीत. डावीकडे वळायचे तर डावा पाय टेकावा, उजवीकडे वळायचे तर उजवा. तातडीने थांबायचे झाल्यास दोन्ही पाय रोवून गाडीचे पुढचे टोक वर उचलावे. थांबणे शक्यच नसेल तर गाडीचा लोभ सोडून बाजूला लोळण घ्यावी. गाडी पुन्हा मिळते. पुढच्या गाडीशी अंतर राखावे, वाटेच्या मध्ये थांबू नये आणि चढताना कडेने चढावे, हे शिष्टाचार गावातील मुलांना बाराखडीबरोबरच शिकवले जातात.

पोशाखाबाबत उष्ण प्रदेशातून आलेल्यांची एक चूक हमखास होते. सुती कपड्यांचे थर अंगावर चढवले जातात. सूत घाम आणि बर्फ दोन्ही शोषून घेते आणि ओले झाल्यावर अंगातील ऊब काढून घेते. आत लोकर किंवा घाम न धरणारे कापड, मध्ये उबदार थर आणि बाहेर पाणी न शिरणारे जाकीट, अशी मांडणी असावी. पायांत खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत, कारण ब्रेक म्हणजे तेच. मोज्यांचा आणि हातमोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असला की सहल तासभराने लांबते.

चढणीचा वाटा

घसरण्याचा आनंद काही मिनिटांचा. त्यासाठीची चढण अर्ध्या-पाऊण तासाची. रेल्वे किंवा पाळणा नसलेल्या बहुतेक खेड्यांत गाडी दोरीने ओढत चालतच वर जावे लागते. या खेळाचे कौटुंबिक स्वरूप खरे तर या चढणीत घडते. धाकटे मूल गाडीवर बसलेले, थोरले दोरी ओढणारे, आई-वडील मागून चालणारे, आणि कोणी ओढायचे यावरून होणारी वाटाघाटी. वर एखादे शेतकऱ्याचे घर किंवा पांथशाळा असते. तेथे गरम सूप, कोको किंवा चीजचा पदार्थ मिळतो, ओले मोजे शेगडीजवळ सुकतात आणि मग उतार लागतो. ग्रिंडेलवाल्डजवळच्या फाउलहॉर्न शिखरापासून निघणारी १५ किलोमीटरची प्रख्यात घसरवाट गाठायची तर पाळण्याने फर्स्ट या ठिकाणी उतरून पुढे सुमारे अडीच तास बर्फातून पायी चढावे लागते. ज्याने हे चढणे केले नाही, त्याला ती वाट मिळत नाही.

याच ग्रिंडेलवाल्डमध्ये १९११ साली ख्रिश्चन ब्युलमान या सुताराने 'व्हेलोगेमेल' नावाची लाकडी हिमसायकल बनवली. चाकांच्या जागी घसरपट्ट्या, वर बैठक आणि हाताने फिरवायचा दांडा असे तिचे रूप. ब्युलमान यांना चालण्यात अडचण होती. बर्फात गावभर फिरता यावे ही त्यांची गरज होती. पुढे पोस्टमन, सुईणी आणि शाळकरी मुले यांनी ती आपलीशी केली. आजही ती त्या गावात दिसते.

नॉर्वेच्या ऑस्लो शहरालगत असलेली 'कॉर्केट्रेकेरेन', म्हणजे बूच काढण्याच्या मळसूत्रासारखी वळणे घेणारी वाट, हे अशा व्यवस्थेचे आणखी एक उदाहरण. सुमारे २ किलोमीटर लांबीची आणि २५५ मीटर उतरणारी ही वाट १९५२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बॉबस्लेसाठी वापरली गेली होती. आता ती सर्वांची आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत शहराची मेट्रो जाते आणि हिवाळ्यात तिच्या डब्यांत घसरगाड्या घेतलेली कुटुंबे दाटीवाटीने उभी असतात.

उतार कोणाचा?

अमेरिकेत या खेळापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. सार्वजनिक उद्यानातील टेकडीवर मूल जखमी झाले तर भरपाई कोणी द्यायची? काही दाव्यांत मोठ्या रकमा द्याव्या लागल्यानंतर अनेक नगरपालिकांनी बंदीचा सोपा मार्ग पत्करला. आयोवा राज्यातील डब्यूक शहराने जानेवारी २०१५ मध्ये आपल्या ५० उद्यानांपैकी ४८ ठिकाणी घसरगाड्यांना मनाई केली. वॉशिंग्टनमधील संसद भवनाच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, टेकडीवरही सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर सुरक्षेच्या कारणावरून बंदी कडक झाली होती. मार्च २०१५ मध्ये बर्फ पडताच तेथील पालक मुलांना आणि गाड्यांना घेऊन टेकडीवर गेले. निषेधाचा मार्ग म्हणून त्यांनी फक्त घसरून दाखवले. वर्षअखेरीस संसदेने पोलिसांना या बाबतीत नरमाईने वागण्याची सूचना दिली आणि जानेवारी २०१६ च्या मोठ्या हिमवादळात ती टेकडी पुन्हा मुलांनी गजबजली.

बंदी घालणाऱ्यांची चिंता निराधार नव्हती; वर दिलेले आकडे तेच सांगतात. तथापि टेकडी बंद केल्याने मुले घरी बसत नाहीत. ती दुसरा, कोणी न पारखलेला उतार शोधतात आणि तो कित्येकदा रस्त्यावर संपतो. बेर्ग्युन आणि ऑस्लोने काढलेला तोडगा याच्या उलट आहे. तिथे एक वाट निवडली जाते, ती राखली जाते, वळणांवर संरक्षण उभारले जाते, आणि वाहने व पादचारी तिच्यापासून दूर ठेवले जातात. शिकागो, बोस्टन, टोरांटो या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू पडते. पहिल्याच हिवाळ्यात मुलाने गाडीचा हट्ट धरला की घरामागच्या टेकाडापेक्षा नगरपालिकेने नेमून दिलेला उतार विचारून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

ओसरणारे बर्फ

दुसरे संकट कोणत्याही नगरपालिकेच्या आटोक्यातले नाही. स्वित्झर्लंडमध्ये ८०० मीटरपेक्षा कमी उंचीच्या भागात बर्फ पडण्याचे दिवस १९७०च्या तुलनेत निम्म्यावर आले आहेत. १ जानेवारी २०२३ रोजी वायव्येकडील डेलेमाँ येथे २०.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आल्प्सच्या उत्तरेस जानेवारी महिन्यात पारा विशीपार जाण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या सुटीत आल्प्समधील कमी उंचीवरचे कितीतरी उतार हिरवे होते.

याचा फटका मोठ्या स्की-केंद्रांना बसतोच. पण त्यांच्याजवळ कृत्रिम बर्फाची यंत्रे असतात आणि आणखी उंच शिखरे असतात. घसरगाडीची टेकडी मात्र गावालगत, कमी उंचीवर असते. तिच्यासाठी यंत्र कोणी बसवत नाही. आजोबांनी ज्या टेकाडावर नातवाच्या बापाला घसरायला शिकवले, तेथे नातवाला शिकवण्यासाठी त्यांना आता वर्षातून दोन-चार दिवसांची वाट पाहावी लागते, किंवा रेल्वेने उंचावर जावे लागते.

भारतातही याची झळ जाणवली आहे. काश्मीरमधील गुलमर्ग येथे लाकडी घसरगाडीवर पर्यटकाला बसवून ती ओढत नेणे आणि उतारावर त्याच्यासह खाली येणे, हा स्थानिक माणसांचा हिवाळी रोजगार आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक पर्यटकांची बर्फाशी पहिली ओळख या गाडीवरच होते. जानेवारी २०२४ मधील बहुतेक दिवस गुलमर्गचे उतार कोरडे राहिले. पर्यटकांची सहल फसली. गाडी ओढणाऱ्यांची मजुरी बुडाली. तेथे ही गाडी अजूनही पूर्णपणे खेळणे झालेली नाही, ती कष्टाचीच आहे.

प्रेडा हे सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने आल्बुलाची वाट अद्याप बरीचशी सुरक्षित आहे. तरी तिथेही वाट उघडी आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे लागते. बर्फ अपुरे असले तर ती बंद ठेवतात. उघडी असल्यास दुपारनंतरच्या रेल्वेने वर जावे, असे जाणकार सुचवतात. दिवसभराच्या गाड्यांनी वाट घट्ट झालेली असते आणि उन्हाने सैल झालेले बर्फ पुन्हा धरू लागलेले असते. अशा वेळी धाकट्याला पुढे घ्यावे, दोन्ही पाय तयार ठेवावेत आणि पहिली फेरी सावकाश करावी. दुसऱ्या फेरीला मूल बहुधा स्वतःची गाडी मागतेच.